पट्टीवरची दुसरी रेघ

केसपेपरवर शेवटच्या पाळीच्या रकान्यात आमच्या ज्युनिअर डॉक्टरांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. बाई दिवसांआधी बाळंत होणार का हे सांगणाऱ्या पट्टीवरून पुढे जो घोळ झाला, तो तिथेच होता असं मला अजून वाटतं. मोठ्या मॅडमना तसं वाटत नाही.

मी सोलापुरात एका खासगी प्रसूतिगृहात लेबर रूमची सिस्टर आहे. सप्टेंबर नुकताच लागला होता. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून एक पहिलटकरीण रिक्षाने आली, दर दहा मिनिटांनी पोट दगडासारखं होत होतं. तारीख विचारली तर सासू म्हणाली, "गड्डा उठल्यावर आली ती शेवटची." नवरा म्हणाला, "नाही ओ सिस्टर, गड्ड्याच्या आधीच." गड्डा म्हणजे आमची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा. जिची पाळी, ती गप्प. पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यातली, आणि इतक्या उशिराच्या मापात दोन-तीन आठवडे सहज मागेपुढे होतात. म्हणजे एकतीसावा आठवडा की चौतीसावा? बाहेरच्यांना हा फरक किरकोळ वाटेल. पण बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला देतात ते स्टिरॉइड साधारण चौतीसपर्यंतच द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. पट्टीचा अर्थही आठवड्यावरच ठरतो.

पट्टी म्हणजे फॉस्फोरिलेटेड आयजीएफबीपी-वन नावाच्या प्रथिनाची तपासणी. हे प्रथिन गर्भाशयाच्या अस्तरात तयार होतं. बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचं आवरण अस्तरापासून सुटायला लागलं की ते खाली गर्भाशयाच्या तोंडाशी झिरपतं. काडी तोंडाशी दहा-पंधरा सेकंद धरायची, मग द्रावणात घुसळायची, त्यात पट्टी बुडवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. एक निळी रेघ म्हणजे नाही, दोन म्हणजे आहे. सोपं दिसतं, पण रक्त लागलं तर नमुना बिघडतो, म्हणून नियम एकच: आधी काडी, मग हात. ज्युनिअर मंडळी कळा दिसल्या की आधी हातमोजा चढवतात, जेली लावतात, आत तपासून मोकळी होतात आणि मग विचारतात, "सिस्टर, ती टेस्ट करायची का?" त्या दिवशी मी दारातच आडवी उभी राहिले. नमुना स्वच्छ मिळाला याचा मला अभिमान आहे, कुणी कौतुक केलं नाही तरी.

दुसरी रेघ उमटली. फिकट, खिडकीशी नेऊन बघावी लागली इतकी. पण रेघ ती रेघ.

पुढचं सगळं ठरलेलं. स्टिरॉइड म्हणजे डेक्सामेथासोन, सहा मिलिग्रॅम, दर बारा तासांनी, असे चार डोस. आमच्याकडे कमी दिवसांच्या बाळांची सोय नाही, म्हणून पहिला डोस देऊन १०८ बोलावली आणि पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवली. तिथे कळा थांबल्या. काही दिवस ठेवून त्यांनी घरी सोडलं, 'काम बंद' असं लिहून. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पान-तंबाखू आणणं बंद, म्हणजे घरात येणारा पैसा बंद. असं लिहिणाऱ्याला ते दिसत नाही.

ऑक्टोबर संपता संपता ती आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी, अडीच किलोच्या आसपास, खणखणीत रडली. सासू पेढे द्यायला आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमची पट्टी खोटी निघाली बगा. दोन महिने सुनेला घाबरवलंत."

मला उत्तर सुचलं नाही. पट्टीचा 'नाही' भरवशाचा असतो: रेघ एकच आली तर पुढच्या आठवड्यात बाई बाळंत होण्याची शक्यता फार कमी. 'आहे' मात्र कच्चा. दोन रेघा आलेल्या बऱ्याच जणी पूर्ण दिवस भरतात. या पट्टीचा खरा उपयोग घरी पाठवण्यासाठी आहे, पण घरी पाठवलेल्या बाईचे पेढे येत नाहीत, म्हणून त्याची आठवणही कुणाला राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. बाळाला पुसताना मी तळपाय बघितले. टाचेपर्यंत रेषा होत्या, मनगट-घोट्याची कातडी सुटायला लागली होती. अशी कातडी बहुधा चाळीस आठवड्यांच्या पुढच्या बाळांची असते. मग नवराच बरोबर होता का? तसं असेल तर त्या दिवशी चौतीस पुरे झाले होते, स्टिरॉइड आणि ती धावपळ दोन्ही बहुधा वाचली असती. दिवस भरत येतात तसं हे प्रथिन आपसूकही खाली झिरपू लागतं. मॅडम म्हणतात, पायावरून एवढं ठरत नाही. तेही खरंच आहे.

जगात शोध चाललेत. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१८ मध्ये आईच्या रक्तातल्या आरएनए नावाच्या जनुकीय रेणूच्या तुकड्यांवरून आठवडे काढून दाखवले आणि लवकर प्रसूतीचा अंदाजही बांधला, पण मोजक्याच बायकांवर. गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून गर्भवतींचे नमुने जमवले गेले. त्या माहितीवरून भारतीय गर्भांचे आठवडे मोजायचं वेगळं सूत्रही निघालं. आठवडे मोजण्यासाठी इतके हुशार लोक राबताहेत हे वाचून मला बरं वाटलं, आणि आमच्या केसपेपरवरच्या प्रश्नचिन्हाचा रागही आला.

परवा मी मॅडमना म्हटलं, पहिली सोनोग्राफी कितव्या महिन्यात झाली याचा रकाना पट्टीच्या निकालाच्या शेजारीच छापून घेऊ. त्या म्हणाल्या, "रकाना भरणार कोण?" ज्युनिअर डॉक्टर तिथेच उभे होते, मोबाइल बघत. कागद अजून छापायला गेलेला नाही. तोवर मी पेनाने लिहिते, लाल.