खोटा पंच

मी १९९४ ची दहावी, 'ब' तुकडी. गणितात काठावर, पण शाळेच्या खो-खो संघातली जागा पक्की.

सराव संपत आला, पोटऱ्या भरून आल्या की आमचे सर शिट्टी घेऊन स्वतः पंच व्हायचे आणि धडधडीत चुकीचे निर्णय द्यायचे. हात लागलेलाच नसायचा, तरी शिट्टी: बाद! पाटीवर बसलेल्या मुली आरडाओरडा करून टर उडवायच्या, तोही सरांचाच हुकूम. बाद झालेलीने ब्र न काढता बाहेर जायचं, श्वास जाग्यावर आणायचा आणि आक्रमणाची पाळी आली की पहिल्या खोला उठायचं. डोळ्यांत पाणी आलं तरी चालायचं. पंचाकडे वळून बघितलं की मैदानाला फेऱ्या.

फाऊलचंही तेच. फाऊल झाला की आक्रमकाला उलट्या दिशेने जावं लागतं आणि हाताशी आलेला गडी निसटतो. चरफडण्यात आणखी दोन खो वाया जातात. म्हणून सर सरावात मधूनच खोटा फाऊल द्यायचे. पुढे पुढे त्याचं काही वाटेनासंच झालं, पाय आपोआप वळायचे.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात खांबाला वळसा घालताना मला बाद दिलं. हात लागला नव्हता, आजही शपथेवर सांगेन! मी गपचूप बाहेर आले. माझ्यामागची तुकडी डाव संपेपर्यंत टिकली, तरी सामना एका गुणाने गेलाच. एसटीत मात्र सगळ्या मनसोक्त रडलो. तिथे बंदी नव्हती.

सरांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. सरावात पाणी प्यायलं नाही की पोरी काटक होतात, हा तेव्हाचा समज. मे महिन्याच्या उन्हात एकदोघींना भोवळ आली होती. त्याने मन घट्ट होत नाही, उष्माघात तेवढा होऊ शकतो. हरल्यावर चारचौघांत पाणउतारा करणारे प्रशिक्षकही तेव्हा मैदानावर दिसायचे. आमच्या सरांचा पंच खोटा आहे हे आम्हाला आधीच ठाऊक असायचं; माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेचा महिला संघ आणि प्रतीक वाईकरचा पुरुष संघ, दोन्ही जिंकले. आमच्या जुन्या संघाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्रभर धिंगाणा. सरांनी एवढंच विचारलं, "गुडघे कसे आहेत गं पोरींनो?" गुडघे सगळ्यांचेच दुखतात, पण कबूल एकीनेही केलं नाही.