आमची कागदावरची फौंड्री

बी.कॉम. झालं होतं, टॅली येत होतं, इंग्रजी टायपिंगही बरं होतं. तरी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठंही मुलाखतीला गेलं की शेवटी एकच प्रश्न यायचा, "ऑफिस सांभाळलंय काय कुठं?" सांभाळायला आधी कुणीतरी ऑफिस द्यायला पाहिजे, हे त्यांना कोण सांगणार. मग टिळकवाडीतल्या एका क्लासबद्दल कळलं, जिथं ऑफिसचं काम प्रत्यक्ष करून शिकवतात. खानापूरहून रोज येणं-जाणं म्हणजे घरचे आधी पैशाचं बघणार. खरं कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेमुळं बायकांना साध्या बसचं तिकीट शून्य. तो मुद्दा निकालात निघाला आणि मी नाव घातलं.

फळ्यावरचं शिकवणं तिथं फार थोडं होतं. एका हॉलमध्ये टेबलं मांडलेली: खरेदी, विक्री आणि डिस्पॅच, अकाउंट्स, पगार-हजेरी, आणि दाराजवळ रिसेप्शन आणि आवक-जावक. आमची कंपनी फौंड्रीची, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायची. बेळगावात दुसरं काय असणार. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंगं (ओतीव भाग) बनवायची, तीही कागदावर. भट्टी नाही, वाळू नाही, किलोभर लोखंड नाही, पण परचेस ऑर्डर, चलन, गेटपास, बिल, हजेरीपत्रक सगळं खऱ्यासारखं. थोडे दिवस झाले की टेबल बदलायचं.

शिकवणारे सर एका कारखान्याचं ऑफिस बघून निवृत्त झालेले. ते शेजारच्या खोलीत बसायचे आणि तिथून आम्हाला फोन लावायचे. कधी इचलकरंजीचं गिऱ्हाईक, कधी बेंगळुरूचा परचेस मॅनेजर, कधी हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा माणूस. आवाज बदलायची त्यांना फार हौस. जर्मनी-ऑस्ट्रियात अशा सरावाच्या कंपन्या शाळा-कॉलेजांत चालतात आणि त्या एकमेकींना ऑर्डर देतात, बिलं पाठवतात, असं त्यांनी सांगितलं होतं. आमच्याकडं दुसरी कंपनी नव्हती, म्हणून गिऱ्हाईक, पुरवठादार, सरकार आणि बँक सगळं सरच.

सुरुवातीला मला आवक-जावकचं टेबल मिळालं आणि मी खट्टू झाले. बी.कॉम. करून टपाल घ्यायचं? पुढं मात्र मला या टेबलाचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. आवक रजिस्टरला आडवे रकाने: अनुक्रमांक, तारीख, कुणाकडून, त्यांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख, विषय, कुणाकडं दिलं, सही, शेरा. पत्र आलं की पाकीट फोडायच्या आधी त्यावरची पोस्टाची तारीख बघायची, पाकीट पत्राला टाचून ठेवायचं. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत कधी कधी 'मिळाल्यापासून' मोजतात, तेव्हा ते पाकीटच पुरावा असतं. मग उजव्या वरच्या कोपऱ्यात तारखेचा शिक्का, शिक्क्यात आवक क्रमांक आणि छोटी सही. मजकुरावर शिक्का पडला तर सर तो कागद परत पाठवायचे.

सगळ्यात दुर्लक्षित रकाना म्हणजे शेरा. उत्तर गेलं की जावक क्रमांक आवकच्या त्या ओळीत लिहायचा आणि उत्तराच्या पत्रात त्यांच्या पत्राचा क्रमांक घालायचा. असं केलं की शेरा कोरा दिसला म्हणजे काम लोंबकळतंय, हे रजिस्टर नुसतं चाळून कळतं. संगणकावर एक्सेल होतंच, पण पहिले काही आठवडे सरांनी हातानंच लिहायला लावलं. तेव्हा राग यायचा. आता मी एक्सेलमध्येही तेच रकाने ठेवते.

भाषेचं एक वेगळंच. आपल्या भागातल्या ऑफिसात एकाच सकाळी तीन भाषा येतात. सरकारी पत्र कन्नडमध्ये, बेंगळुरूची ईमेल इंग्रजीत, आणि चंदगड, गडहिंग्लज, इचलकरंजीचा फोन मराठीत. मी मराठी माध्यमातली. शाळेत कन्नड होतं आणि बसच्या पाट्या वाचून अक्षरं पक्की झालेली, तरी कार्यालयीन कन्नड म्हटलं की पोटात गोळा यायचा. सरांनी एक नमुन्याचं पत्र दिलं आणि त्याचा सांगाडा दाखवला. वर 'इवरिंद' म्हणजे कुणाकडून, 'इवरिगे' म्हणजे कुणाला, मग 'मान्यरे', 'विषय', 'उल्लेख'. सांगाडा मराठी अर्जासारखाच. आधी क्रमांक, तारीख, विषय आणि मुदत एवढं काढायचं, रजिस्टरला चढवायचं, आणि मजकूर जाणत्या माणसाकडून त्याच दिवशी नीट वाचून घ्यायचा. अंदाजानं अर्थ लावून उत्तर करायचं नाही. आमच्यात अथणीची एक मुलगी होती, तिचं कन्नड पाण्यासारखं वाहायचं. तिच्याकडून मी नुडी या सॉफ्टवेअरवर कन्नड टाइप करायला शिकले आणि तिला मराठी पत्रातला ऱ्हस्व-दीर्घ सांगायचे. फोनवर मला "स्वल्प तडीरी" (जरा थांबा) एवढं धीटपणानं म्हणता यायला लागलं, आणि पुढचं ती बघायची.

डिस्पॅचच्या टेबलावर खरी मजा आली. सीमाभागात राहणाऱ्याला जीएसटी पुस्तकातून कळत नाही, रस्त्यावरून कळतो. शिनोळी आपल्याला वेंगुर्ला रोडनं जवळच. कितीतरी माणसं रोज इकडून तिकडं कामाला जातात. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबराची सुरुवात 27 नं, आपल्या नंबराची 29 नं. माल विकला की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा एकच कर. आणि बेंगळुरू पाचशे किलोमीटर लांब, तरी राज्य एकच, म्हणून तिथं सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा अर्धा-अर्धा. 18 टक्क्यांचा माल असेल तर शिनोळीला सरळ 18, बेंगळुरूला 9 आणि 9. सर म्हणायचे, "अंतर बघू नकोस, पहिले दोन आकडे बघ." बिलाच्या तीन प्रती कुठल्या कुणाला, तेही इथंच बसलं: मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी गाडीवाल्याला, तिसरी आपल्याकडं.

एका दिवशी डिस्पॅचला असं काम आलं: कास्टिंगं मशिनिंगसाठी शिनोळीला जॉबवर्कला, म्हणजे माल आपलाच ठेवून दुसऱ्याकडून काम करून घ्यायला पाठवायची, किंमत अठरा हजारांच्या आसपास. विक्री नाही, म्हणून बिल नाही, डिलिव्हरी चलन. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. मग निपाणीचा एक मुलगा म्हणाला, "ई-वे बिल कशाला? पन्नास हजाराच्या आत आहे की." ई-वे बिल म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी सरकारी पोर्टलवर काढायचा कागद. माझी जोडीदारीण त्याच्या बाजूनं, मी गप्प, अथणीवाली म्हणते नियम काढून बघूया. अर्धा तास वाद. सर खोलीतून फोनवर, ड्रायव्हर बनून: "मॅडम, गाडी गेटवर उभी आहे, कागद देता की जाऊ?" शेवटी जीएसटीच्या नियम 138 चा छापील कागद काढला तेव्हा दिसलं की एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. हाच माल उद्यमबागेतल्याच मशीनशॉपला गेला असता, तर या किमतीला गरज नव्हती. आमच्या भागातल्या कारखान्यांना हे रोजचं आहे, आणि मी पाहिलेल्या कुठल्याच टॅलीच्या क्लासमध्ये याचं नाव निघालं नव्हतं.

चलनाचंही तिथं संपत नाही. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात. म्हणून डिस्पॅचच्या टेबलावर एक वेगळी वही होती: चलन क्रमांक, गेलेले नग, परत आलेले नग, शिल्लक. मशिनिंगला गेलेल्यांतले काही नग रिजेक्ट होऊन येणार, तेही त्यातच. सर मुद्दाम अर्धवट परतावे पाठवायचे आणि शिल्लक जुळेपर्यंत आम्हाला जेवायला सोडायचे नाहीत.

एक तक्रारही सांगते. ई-वे बिल आम्ही छापील फॉर्मवर भरायचो, कारण सरावासाठी खऱ्या पोर्टलवर बिल काढता येत नाही. त्यानं भाग 'अ' (मालाचा तपशील) आणि भाग 'ब' (गाडीचा तपशील) डोक्यात बसले, गाडीचा नंबर घातल्याशिवाय माल हलवायचा नाही हे बसलं, वाटेत गाडी बदलली तर नवं बिल न काढता भाग 'ब' मध्ये नवा नंबर घालायचा हेही बसलं. पण ओटीपी मालकाच्या मोबाइलवर जातो आणि मालक फोन उचलत नाही, ही भानगड कागदावर कळायची सोय नव्हती.

खरेदीच्या टेबलावर तीन कोटेशनं मागवून तुलनेचा तक्ता करायचा. सगळ्यात स्वस्त कोण हे दोन मिनिटांत दिसतं. खरं काम खालच्या ओळींत: वाहतूक कुणाची, पैसे किती दिवसांनी, दर जीएसटी धरून की सोडून. मग माल आल्यावर ऑर्डर, चलन आणि बिल शेजारी ठेवून जुळवायचं. ऑर्डर 200 ची, चलनावर 180, बिल 200 चं, असं काहीतरी हमखास असायचं. तसं दिसलं की बिल पुढं न सरकवता पुरवठादाराला पत्र घालायचं, आणि ते पत्र चिडून लिहायचं नाही. सर पुरवठादार बनून फोनवर ओरडायचे, "एवढी वर्षं माल देतोय, आमच्यावर विश्वास नाही काय?" त्यावर "तुमच्या चलनावर 180 आहे, फोटो पाठवते" एवढंच बोलून थांबायला मला बराच वेळ लागला.

पगाराचं टेबल लवकर उरकलं. पीएफ 12 टक्के, पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचे (कामगार विम्याचे) कामगाराचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25, आणि कर्नाटकात 25,000 च्या आत व्यवसाय कर नाही. कोल्हापुरात कामाला असलेल्या माझ्या भावाला एवढ्यापेक्षा कमी पगारावरही तो भरावा लागतो, त्यामुळं घरी थोडी चेष्टा झाली.

पेटी कॅशमध्ये एक गमतीचा पेच निघाला. ठराविक रक्कम हातात घ्यायची, प्रत्येक खर्चाला व्हाउचर, आणि आठवड्याअखेर खर्च झाला तेवढाच पैसा परत भरून घ्यायचा, म्हणजे पेटीतली रोकड आणि व्हाउचरं मिळून रक्कम कायम तीच. 5,000 च्या वरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. हे सगळं समजलं. मग एकीनं विचारलं, "बँकेत जायला बसनं गेलो, तिकीट झिरो आलं. व्हाउचर करायचं काय?" सरही क्षणभर थांबले. मग म्हणाले, पैसा गेला नाही तर व्हाउचर नाही, बाहेर गेल्याची नोंद मुव्हमेंट रजिस्टरला कर.

शेवटच्या दिवसांत सर प्रत्येकाला एक ट्रे द्यायचे. मॅनेजर गावाला गेलेत, त्यांचा फोन लागत नाही, आणि ट्रेमध्ये कागदांचा गठ्ठा: गिऱ्हाइकाची तक्रार, हेस्कॉमचं बिल, कामगाराचा रजेचा अर्ज, बँकेचं पत्र, लग्नाची पत्रिका, सही न झालेला चेक, एका नोटिशीची मुदत परवाची. दोन तास. प्रत्येक कागदावर पेन्सिलनं लिहायचं: मी काय केलं, कुणाला दिलं, कशाला हात लावला नाही आणि का. मधूनमधून फोन वाजत राहणार.

यात सरांना पाहायचं असायचं ते आपल्या अधिकाराचं भान. चेकवर आपण सही करायची नाही, पण ज्याला तो चेक द्यायचा त्याला आजच कळवायचं. रजा मंजूर करायची नाही, पण त्या दिवशी बदली माणूस कोण ते विचारून ठेवायचं. नोटिशीला उत्तर द्यायचं नाही, पण मसुदा तयार करून सीएंना पाठवायचा. मी लग्नाची पत्रिकासुद्धा आवकला चढवली, तेव्हा सर हसले आणि म्हणाले, "बरं केलीस, आहेराची आठवण तूच करणार आहेस."

पुढं मुलाखतीला गेले तेव्हा तो ठरलेला प्रश्न आलाच. मी सांगितलं, नोकरी केलेली नाही, पण हे केलंय, आणि सरावाची फाइल टेबलावर ठेवली. त्यांनी सर्टिफिकेट उलटून बाजूला ठेवलं आणि जॉबवर्कची वही पाच मिनिटं बघितली. शिनोळीला आमचाही माल जातो, म्हणाले. आता उद्यमबागेत त्याच ऑफिसात आहे. पगार सांगण्याजोगा नाही, पण वेळेवर होतो.

कुणी असा क्लास शोधत असेल तर फी विचारायच्या आधी एकदा वर्ग चालू असताना जाऊन बसा. नुसती संगणकांची रांग दिसली तर तो टॅलीचा क्लास आहे, त्यालाही हरकत नाही, पण मग पैसे टॅलीएवढेच द्या. टेबलावर फोन आहे का, शिक्का आहे का, आवक-जावकची रजिस्टरं मुलांनी खरोखर भरलेली आहेत का ते बघा. शिकवणाऱ्यानं स्वतः कुठल्या ऑफिसात काम केलंय ते विचारा. आणि खानापूर, चंदगडकडून येणाऱ्यांनी संध्याकाळची बॅच घेताना शेवटची बस किती वाजता ते आधी बघून घ्या.