एकाच डबीत स्विच आणि फ्यूज : चौथ्या आवृत्तीपर्यंतची नोंद

काय बनवायचंय ते आधी. २५० व्होल्ट एसीसाठी दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, रॉकर (दाबला की झुकणाऱ्या बटणाचा) स्विच, आणि त्याच डबीत रॉकरच्या खाली ५ × २० मिमी फ्यूजचा छोटा खण. फ्यूज उडाला की खण ओढायचा, नवा घालायचा, खण आत ढकलायचा. स्क्रू-ड्रायव्हर लागता कामा नये. अट एकच, पण तिच्यात सूट नाही : स्विच चालू असताना खण निघता कामा नये, आणि खण पूर्ण बसल्याशिवाय स्विच चालू होता कामा नये. बाजारात स्विच आणि फ्यूज होल्डर शेजारीशेजारी बसवलेले भाग भरपूर मिळतात. त्यातल्या बऱ्याच भागांत चालू स्विचशेजारचा फ्यूज खुशाल बाहेर ओढता येतो. या कामाचा सगळा जीव ती पळवाट बंद करण्यात आहे.

जोडणीचा क्रम

फेज आधी स्विचच्या पोलवर, तिथून खणाच्या तळातल्या चिमट्यावर, मग फ्यूज, मग तोंडाजवळचा चिमटा, मग लोड. फ्यूज आधी आणि स्विच नंतर ठेवला तर स्विच बंद करूनही तळातला चिमटा जिवंत राहतो आणि खण ओढणाऱ्याचा हात त्या दिशेने जातो. उलट बाजूने एक मुद्दा रास्त आहे : आपल्या क्रमात स्विचच्या आत शॉर्ट झाला तर हा फ्यूज त्याला वाचवत नाही. तो भार मागच्या ब्रेकरवर सोडला आहे, आणि म्हणूनच डबीतली अंतरं कंजूषपणे धरलेली नाहीत.

न्यूट्रल दुसऱ्या पोलमधून सरळ जातो, त्यात फ्यूज नाही. न्यूट्रलमधला फ्यूज उडाला तर उपकरण मेलेलं दिसतं, पण आत फेज तसाच पोचलेला असतो. दोन्ही पोल तोडण्याचं कारणही तसंच : प्लग उलटा बसू शकतो किंवा भिंतीतल्या तारा अदलाबदल झालेल्या असू शकतात. बंद स्थितीत दोन्ही पोलवर निदान ३ मिमी फट ठेवली आहे.

एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. तोंडाजवळचा चिमटा लोडला जोडलेला असतो, आणि लोडमध्ये फिल्टरचा कपॅसिटर असेल तर स्विच बंद केल्यावरही त्याचा चार्ज थोडा वेळ त्या चिमट्यावर राहतो. म्हणून हा चिमटा तोंडापासून ७ मिमी आत घेतला, आणि लोडमध्ये डिस्चार्जचा रेझिस्टर आहे का हे तपासायचं ठरवून टाकलं.

जीभ आणि खाच

रॉकरचा वरचा भाग दाबला की चालू, खालचा दाबला की बंद. रॉकरच्या आसेमागे एक जीभ काढली आहे. वरचा भाग आत गेला की ती खाली झुकते आणि खणाच्या छतातल्या खाचेत शिरते. खण अडकला. खण अर्धवट बसलेला असेल तर खाच जिभेखाली येत नाही, जीभ खणाच्या छतावर आपटते आणि रॉकर चालूकडे जात नाही. एकाच तुकड्यात दोन्ही दिशांचं कुलूप.

आता आकडे, कारण खेळ इथेच आहे. रॉकर दोन्ही बाजूंना १० अंश झुकतो, म्हणजे एकूण २० अंश. पहिल्या आवृत्तीत जीभ आसेपासून ९ मिमी होती, तिची पूर्ण चाल ३.१ मिमी. बंद स्थितीत जिभेचं टोक खणाच्या छतापासून ०.८ मिमी वर ठेवावं लागतं, नाहीतर खण घासतो. कॉन्टॅक्ट पलटी खातात ते साधारण मधोमध. त्या क्षणी जीभ १.५६ मिमी उतरलेली, त्यातून ०.८ वजा केले की खाचेत उरतात जेमतेम पाऊण मिमी. त्यातून आसेच्या भोकातली ढिलाई ०.२ आणि खणाची वरखाली हालचाल ०.२ काढा. उरलं अगदीच थोडं. अंगठ्याने रॉकर मधोमध धरून दुसऱ्या हाताने खण हिसकला तर तो निघायचा.

दुसऱ्या आवृत्तीपासून जीभ १२ मिमी केली. चाल ४.१७ मिमी झाली. मधोमध खाचेत १.२८ मिमी, पूर्ण चालू असताना ३.३७ मिमी. खाच ३.६ मिमी खोल. जिभेच्या पुढच्या कडेला उतार देऊ नका. जीभ सहज शिरावी म्हणून उतार दिला की खण ओढताना त्याच उतारावरून जीभ वर सरकते आणि रॉकर आपोआप बंदकडे ढकलला जातो. कड काटकोनातच हवी. खाचेची मागची भिंतही तशीच.

मग एक भोक सापडलं. खण पूर्ण बाहेर काढला तर जिभेखाली काहीच नसतं, त्यामुळे खण नसतानाही स्विच बिनदिक्कत चालू होतो आणि तळातला चिमटा जिवंत होतो. यावर उपाय म्हणजे बाजूच्या भिंतीत बसवलेली ०.२ मिमी स्टेनलेसची स्प्रिंग पट्टी. खण आत असताना ती भिंतीला चिकटून राहते. खण निघाला की पट्टीचं टोक बाहेर येऊन जिभेखाली उभं राहतं. टोकाला ३ मिमी रुंद नायलॉनची टोपी घातली आहे, कारण नुसत्या पत्र्याच्या कडेवर जीभ आपटून खाच पडत होती. पट्टी चिमट्यापासून ६ मिमी दूर, धातूच्या कुठल्याही भागाला न जोडलेली.

चिकटलेला कॉन्टॅक्ट : कुलूप खोटं बोलतं तेव्हा

साध्या रॉकरमध्ये स्प्रिंगवरची पिन झुलत्या पट्टीवरून सरकते आणि मधला बिंदू ओलांडला की पट्टी टक्कन पलटी खाते. छान यंत्रणा. पण कॉन्टॅक्ट वितळून चिकटला तर पिन सरकून जाते, रॉकर बंद दिसतो, जीभ वर उठते, खण सुटतो, आणि आत फेज तसाच. म्हणजे कुलूप आहे असं समजून माणूस निर्धास्तपणे हात घालतो. कुलूप नसतं तर तो निदान सावध तरी राहिला असता. आमच्या मते या दोषासकट कुलूप बसवूच नये.

तिसऱ्या आवृत्तीत रॉकरच्या पोटाला प्रत्येक पोलसाठी एक ताठ बरगडी दिली. पट्टी वेळेवर पलटली तर बरगडी तिला शिवतही नाही. चिकटली तर बंद होण्यास ६.५ अंश बाकी असताना बरगडी पट्टीच्या मोकळ्या टोकाला भिडते आणि बोटाचा जोर स्प्रिंगमधून न जाता थेट चिकटलेल्या जागी जातो. त्या कोनात जीभ अजून ०.५५ मिमी खाचेत असते; ती सुटते शेवटचे ३.९ अंश उरल्यावर. मधल्या २.६ अंशांत बरगडी आसेपासून ५ मिमी अंतरावर ०.२३ मिमी दाबते. तेवढ्यात चिकटलेला सांधा तुटायला हवा. नाही तुटला तर रॉकर तिथेच अडतो, पूर्ण बंद होत नाही, आणि खण सुटत नाही. हेच हवं होतं.

०.२३ मिमी म्हणजे फार कमी. बरगडी लवली तर ते सगळं लवण्यातच संपतं. १.२ मिमी जाडीची असिटाल प्लास्टिकची बरगडी डोळ्यांना दिसेल एवढी वाकत होती. २ मिमी जाडीची, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची टिकली. तपासायची रीत सोपी : कॉन्टॅक्टची जोडी मुद्दाम सोल्डरने जोडा, रॉकर बंदकडे दाबा, खण ओढून बघा. दोन्ही पोलवर आळीपाळीने करा. एका पोलवर पास झाला म्हणून दुसरा सोडू नका. रॉकर थोडा पिळला जातो आणि लांबची बरगडी उशिरा भिडते.

उष्णता

दुसरी आवृत्ती खरं तर इथे बाद झाली. चिमटे ०.४ मिमी पितळेचे होते. नवे असताना छान पकडायचे, पण ६.३ अँपिअरवर काही तास तापवले की ढिले पडायचे. हे चक्र सरळ आहे : तापल्याने पितळेचा स्प्रिंगपणा जातो, पकड कमी झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. ६.३ अँपिअरला एका चिमट्यात २० मिलिओहम असतील तर ०.७९ वॅट होतात. दोन चिमट्यांचे दीड वॅटच्या वर. त्यात फ्यूजची स्वतःची उष्णता, आणि हे सगळं बंद डबीत. फ्यूज होल्डरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०१२७-६ होल्डरला वॅटमध्ये क्षमता देतं, ती नुसत्या अँपिअरच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.

आता चिमटे ०.५ मिमी फॉस्फर ब्राँझचे, निकेलचा मुलामा दिलेले आणि बाहेरून स्टेनलेसचं कडं. वीज ब्राँझमधून जाते, दाब कडं देतं. ब्राँझ थोडं मऊ पडलं तरी पकड राहते. चिमट्याला तार सोल्डर करू नका. सोल्डरिंगची उष्णता स्प्रिंगला पुरेशी मारक असते, आणि पुढे चिमटा तापला तर तो सांधाही सैल होतो. चिमट्याची शेपटी लांब ठेवून ती थेट टर्मिनलपर्यंत नेली आहे. एम३ स्क्रू ०.५ न्यूटन-मीटरने आवळायचा. बारीक तारांच्या वायरला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा. टोकाला सोल्डर पाजून स्क्रूखाली दाबलं तर ते सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही दिवसांनी स्क्रू सैल सापडतो.

मोजायला फ्यूज वापरू नका, त्याचा स्वतःचा रोध मध्ये येतो. ५.२ मिमी व्यासाची, २० मिमी लांब पितळेची कांडी खणात घाला, बेंच सप्लायमधून बरोबर १ अँपिअर सोडा आणि चिमटा व कांडी यांच्यामध्ये मिलिव्होल्ट वाचा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. मीटरच्या टोच्या करंटच्या क्लिपवर न लावता वेगळ्या जागी लावा. आमची मर्यादा : नवा असताना प्रत्येक चिमटा ५ मिलिओहमच्या आत, आणि खण पन्नास वेळा काढ-घाल करून, तापवून, गार करून परत मोजल्यावरही १० च्या आत. चौथ्या आवृत्तीचे चिमटे यात बसले.

सततचा भार ५ अँपिअरच धरला आहे. कॉन्टॅक्ट आणि टर्मिनल मात्र १० अँपिअरचे घेतले, कारण ५ × २० मध्ये सगळ्या आकड्यांचे फ्यूज एकाच मापाचे असतात आणि कोणीतरी कधीतरी १० चा घालणारच.

कोणता फ्यूज

मेन्सवर वाळू भरलेला सिरॅमिक, १५०० अँपिअर तोडण्याच्या क्षमतेचा. काचेच्या कमी क्षमतेच्या फ्यूजची हमी ३५ अँपिअर किंवा स्वतःच्या रेटिंगच्या १० पट, यात जे जास्त तेवढीच. मेन्सच्या शॉर्टमध्ये करंट सहज शेकड्यांत जातो. लोडमध्ये स्विचिंग सप्लाय असेल तर संथ प्रकारचा, ज्यावर टी लिहिलेलं असतं. आणि हे लक्षात असू द्या की ५ अँपिअरचा फ्यूज ५.१ ला उडत नाही. या मालिकेतले फ्यूज रेटिंगच्या दीडपट करंट तासभर तरी सोसतात. त्या तासात उष्णता सव्वादोन पटीपेक्षा जास्त होते, कारण तापलेल्या तारेचा रोधही वाढतो. तापमानाची चाचणी म्हणूनच ७.५ अँपिअरवर घ्यायची.

उडालेला फ्यूज टाकण्याआधी बघा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर शॉर्ट. तार मधोमध शांतपणे तुटली असेल तर थोडा पण दीर्घकाळ जादा भार. आणि एकाच टोकाची टोपी तपकिरी-निळसर पडली असेल तर दोष लोडचा नाही, त्या बाजूच्या चिमट्याचा. नवा फ्यूजही तसाच जाईल. सिरॅमिकमध्ये तार दिसत नाही, पण टोपीचा रंग दिसतो.

खणात जादा फ्यूजसाठी दुसरा कप्पा ठेवला, डबी ६ मिमीने रुंद झाली तरी. हाताशी फ्यूज नसला की माणूस चांदीचा कागद गुंडाळतो. खणाच्या तोंडावर रेटिंग कोरायचं. चिकटपट्टी उष्णतेने निघते.

डबी

थ्रीडी प्रिंट फक्त माप आणि हालचाल बघण्यासाठी, १२ व्होल्टपर्यंत. प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, चिमट्याजवळ ते टिकण्याचा प्रश्नच नाही. चौथी आवृत्ती १.६ मिमी एफआर-४ च्या (काचतंतू आणि इपॉक्सीच्या पत्र्याच्या) थरांची आहे, थर नायलॉनच्या स्क्रूंनी आवळलेले. कापताना मास्क घाला, काचेची धूळ फुप्फुसात बसते. जिवंत भागापासून बोट लागेल त्या पृष्ठभागापर्यंत सरपटत्या मार्गाने, म्हणजे हवेतून सरळ नव्हे तर इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून मोजून, निदान ५ मिमी हवं; आमच्याकडे ६.५ आहे. थरांमधली फट हाही सरपटता मार्गच, तो मोजताना धरायचा राहून जातो.

सध्या कुठे आहे

५०० व्होल्ट डीसीला इन्सुलेशन तपासलं, दोन्ही पोलमध्ये आणि पोल ते खणाचं तोंड. चिकटलेल्या कॉन्टॅक्टची चाचणी दोन्ही पोलवर पास. मेन्सवर अजून जोडलेला नाही. त्याआधी मोटर आणि भुजा लावून १०,००० वेळा चालू-बंद करायचं, आणि दर हजाराला जिभेच्या टोकाची झीज मोजायची. ०.३ मिमीपेक्षा जास्त झिजली तर चिकटलेल्या स्थितीतलं ०.५५ मिमीचं अडकणं पाव मिमीवर येतं आणि खणाची ढिलाई ते खाऊन टाकते. तसं झालं तर जीभ १३ मिमी करून रॉकरमागची पोकळी वाढवावी लागेल. तिथे सध्या दीड मिमी जागा शिल्लक आहे.