काळपट पानांची फुलझाडं आणि एक मुरमाची गाडी : माझा अनुभव

कोल्हापुरात भर उन्हाच्या जागेत गडद पानांची, कमी पाण्यावर तगणारी फुलझाडं लावायची असतील तर झाडं सगळ्यात शेवटी आणा, आधी मुरूम दारात येऊ दे. हे सुरुवातीलाच लिहितेय कारण बाकी सगळं सोप्पं होतं, जीव मेटाकुटीला आला तो फक्त मुरमापायी आणि तो राग अजून गेलेला नाही.

आमचं घर कळंब्याच्या बाजूला. घरापुढं पश्चिमेला बारा फूट लांब, चार फूट रुंद अशी पट्टी आहे, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तिथं नुसतं ऊन. मला जांभळी, काळपट लाल पानं फार आवडतात. त्यांच्यामागं पिवळं किंवा गुलाबी फूल असं काही उठून दिसतं की बघत राहावं. आणि उन्हाचा इथं फायदाच होतो, कारण पानातला तो गडद रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, तो उन्हातच चढतो. हेच झाड सावलीत ठेवलं की हिरवट पडतं. म्हणून नर्सरीत हिरव्या जाळीखाली फिकी दिसणारी रोपं बघून नाक मुरडू नका, उन्हात आली की रंग धरतात, फक्त एकदम भर उन्हात नेऊ नका, आठवडाभर सकाळच्या उन्हात ठेवून मग हलवा.

मी घेतलेली झाडं म्हणजे पर्पल हार्ट, पर्पल फाउंटन ग्रास (जांभळ्या पात्यांचं गवत), रुएलिया, कडेला लाल पानांचा युफोर्बिया आणि आईंच्या (सासूबाईंच्या) आग्रहाने दोन कृष्ण तुळशी. परदेशातल्या याद्यांत पेन्स्टेमॉन हस्कर रेड, गडद पानांचं सेडम, ह्युकेरा असलं बरंच सापडतं, हस्कर रेडला तर तिकडं १९९६ साली पेरेनियल प्लांट ऑफ द इयर केलेलं. पण ती कडक हिवाळ्याच्या मुलखातली झाडं, आपल्याकडं त्यांच्यामागं लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वरची पाच इथल्या उन्हात मजेत राहतात.

आता मुरूम कशाला. आमची माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. भेग पडताना मुळं तुटतात आणि पावसात तीच माती फुगून पाणी धरून बसते. कमी पाण्याची झाडं आपल्याकडं उन्हाने क्वचित मरतात, मरतात ती जून ते सप्टेंबरात मुळं कुजून. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक या चार महिन्यांत. फूटभर खड्डा खणून पाणी भरून बघा, सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळीही तसंच दिसलं तर तिथं सरळ जमिनीत लावू नका. आमच्याकडं दुसऱ्या दिवशीही होतं. त्यामुळं वाफा दीड फूट उचलायचा ठरला, कडेनं विटा, आत निम्मा भरड मुरूम आणि निम्म्यात माती नि थोडं शेणखत. काळ्या मातीत घमेलंभर वाळू कालवून भागत नाही हं, ती आणखीच घट्ट बसते. भरड माल भरपूर लागतो.

हिशोब सोपा होता. बहात्तर घनफुटाचा वाफा, त्यातला निम्मा मुरूम म्हणजे छत्तीस घनफूट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे मला ब्रासच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जरा जास्त माल हवा होता. आणि इथंच घोडं अडलं. ज्याला फोन करावा तो म्हणणार, "ब्रासच्या खाली गाडी परवडत न्हाई वैनी." शेवटी एक सप्लायर तयार झाला, अर्धी ट्रॉली देतो म्हणाला, पैसे जवळजवळ पुऱ्या ट्रॉलीचे सांगितले, मी म्हटलं असू दे, राहिलेला मुरूम गेटजवळच्या चिखलात पसरू. त्याने अर्धे पैसे ॲडव्हान्स मागितले, मी फोनवरूनच पाठवले.

तेव्हा मे महिना निम्मा सरलेला. रोपं आणून ठेवलेली, कारण नर्सरीवाल्याची गाडी आली होती आणि पुढची कधी येईल त्याचा नेम नव्हता. आता ही झाडं कमी पाण्याची खरी, पण काळ्या पिशवीत असताना नाही. मेच्या उन्हात पिशवी तापते, मूठभर माती दुपारपर्यंत वाळून खडखडीत होते, मग सकाळ-संध्याकाळ पाणी घालत बसा. मी रोज सप्लायरला फोन करायची. "आज संध्याकाळी गाडी निघती बघा." संध्याकाळी फोन उचलायचा नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर गावी गेला. मग ट्रॅक्टरचं टायर. मग गौण खनिजाचा पास (मुरूम वाहून न्यायचा सरकारी परवाना) निघाला नाही. मग लग्नसराई. प्रत्येक कारण खरंही असेल, मी पास नसलेली गाडी मागत नव्हते आणि तुम्हीही मागू नका, पण "आज येणार नाही" एवढं एक वाक्य सकाळी सांगायला काय जातं? मी ऑफिसातून लवकर निघून घरी येऊन बसायची, आई दुपारची झोप सोडून गेटकडं कान लावून असायच्या. त्यात वळीव येऊन गेला, मोकळा केलेला वाफा पुन्हा थापला गेला, रुएलियाची मुळं पिशवीच्या भोकातून बाहेर आली. मृग तोंडावर आला आणि मला रात्री झोप लागेना, कारण एकदा पावसाची रिपरिप सुरू झाली की वाफा भरणं म्हणजे नुसता राडा.

मधल्या काळात सल्ले भरपूर आले. शिरोलीच्या एका ओळखीच्यांनी फौंड्रीतली जुनी काळी वाळू फुकट देऊ केली. मी नको म्हटलं. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, आणि बेंटोनाइट म्हणजे पाणी धरून फुगणारी मातीच, जिच्यापासून मी पळत होते तीच. कुणी साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) सांगितली. उसाला ती उत्तम, पण असल्या झाडांना इतकं खाणं दिलं की ती लुसलुशीत वाढून आडवी पडतात, फुलंही कमी येतात.

शेवटी एका सकाळी गाडी आली, न सांगता. मी निघायच्या तयारीत. ड्रायव्हर ट्रॉली उचलायलाच लागला, मी म्हटलं थांबा. चाकावर पाय देऊन वर चढले, वरचा हातभर माल बाजूला करून आतलं मूठभर घेतलं आणि पाण्याच्या बाटलीत टाकून हलवलं. भरड मुरूम असेल तर खडे लगेच तळाला बसतात आणि वरचं पाणी थोडंसंच गढूळ राहतं. माझ्या बाटलीत तळाला बोटभरही खडा नाही, वर सगळं लालभडक पाणी. मूठ आवळून बघितली तर लाडू वळला आणि फुटेचना. ती तांबडी माती होती, मुरूम नव्हताच. ड्रायव्हर म्हणाला, "मुरूम तो मुरूमच की वैनी, उतरून घ्या, शेटला फोन करा." शेट फोन उचलेना. गल्लीत ट्रॅक्टर आडवा, मागं स्कूलबस हॉर्न देतेय, शेजारी बाहेर आलेले, सगळ्यांचं म्हणणं एकच की घ्या आता उतरून, कुठं वाद घालता. मी नाही घेतलं. भरलेली गाडी परत पाठवली आणि ते केलं याचं मला आजही समाधान आहे, कारण ती माती वाफ्यात गेली असती तर जुलैत सगळी झाडं कुजली असती.

ॲडव्हान्स मात्र अडकला. फोन, मेसेज, "देतो की, पळून चाललोय व्हय," असं करत करत गणपती झाल्यावर परत आला, तोही भाडं कापून. म्हणून सांगते, माल बघितल्याशिवाय रुपया देऊ नका. आधी पिशवीभर नमुना मागा, बाटलीत टाकून बघा, आणि गाडीतला माल त्याच्याशी ताडून मगच उतरवून घ्या.

मार्ग निघाला तो मागच्या गल्लीतून. तिथं एका घराच्या जोत्यात भर टाकायचं काम चालू होतं, त्यांच्या मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले न्या की दादांना विचारून. घरमालक दादांनी रास्त भावात हवा तेवढा दिला. करडा, खडखडीत, मुठीत वळता वळेना असा मुरूम. हातगाड्यावरून आणला. अर्धी-पाव ब्रास पाहिजे असेल तर सप्लायरच्या नादी न लागता आसपास कुठं बांधकाम चाललंय ते बघा, हा माझा सगळ्यात कामाचा सल्ला.

लावणं एका दिवसात उरकलं. पर्पल हार्ट पुढच्या कडेला, त्याची बोटभर कांडी खोचली तरी लागते, विकत एकच कुंडी घेतली तरी चालेल. त्याचं फूल तीन पाकळ्यांचं, फिकट गुलाबी, सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं, ऑफिसला जाणाऱ्यांनी चहा घेतानाच बघून घ्यावं. रुएलिया सखल टोकाला, ती ओलंही सोसते आणि कोरडंही, पण तिच्या शेंगा भिजल्या की फुटून बी उडतं, म्हणून वाळायच्या आत खुडा नाहीतर वाफाभर तीच होते. युफोर्बियाची छाटणी हातमोजे घालूनच करा, चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर फार वाईट, लहान मुलं असतील तर लावूच नका. गवत फेब्रुवारीत वीतभर ठेवून कापायचं, नवीन पात्या जास्त गडद येतात.

आणि हो, काळ्या मातीवर काळपट पान दिसतच नाही, सगळं एकजीव होतं. मी वरून फिकट रंगाची बारीक खडी दोन बोटं पसरली, तेव्हा कुठं जांभळा रंग रस्त्यावरून दिसायला लागला. पावसात चिखल पानांवर उडत नाही हा आणखी एक फायदा.

पहिलं वर्ष पाऊस संपल्यावर आठवड्यातून दोनदा पाणी दिलं, मुळं खोल जाऊ देत म्हणून एकदम भरपूर. आता दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पुरतं, तेही संध्याकाळी. गेला जुलै सलग पावसाचा गेला, वाफ्यात पाणी थांबलं नाही, एका तुळशीशिवाय सगळं टिकलं. तुळशीचं बी पडून खाली चार रोपं आलीत, त्यातलं एक मिस्त्रींच्या घरी द्यायचंय.