नखाएवढा पापुद्रा

जुन्या गाडीला रॅप, म्हणजे रंगावर चिकटवायची पातळ व्हिनाइल फिल्म, लावत होतो. बॉनेटच्या कोपऱ्यात सुरकुती पडली म्हणून व्हिनाइल हलकेच उचललं, तर त्याला चिकटून गाडीचा मूळ रंगच निघून आला. नखाएवढा पापुद्रा. खाली राखाडी प्रायमर, रंगाआधीचा अस्तर थर.

हात तिथेच थांबला.

सकाळपासून सगळं छान जमत होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, हीट गनची ऊब देत मधून कडेकडे स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबून बसवायची चपटी पट्टी, फिरवणं. दरवाजे तर इतके सुरेख बसले की दोनदा लांब जाऊन बघून आलो.

बाबांनी पापुद्रा उजेडात धरला. म्हणाले, "गोंदाचा दोष नाही रे. रंग आधीच सुटला होता."

खरंच होतं ते. बॉनेट वर्षानुवर्षं उन्हात तापलेलं, रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट कधीच उडालेला. जेमतेम ०.१ मिलिमीटरचा व्हिनाइलचा थर, खालचा गंज किंवा पोचा काय लपवणार? रंगकाम टाळायला रॅप आणला, आता बॉनेटपुरतं घासणं, प्रायमर, रंग आलंच. वर तो पूर्ण वाळेपर्यंत थांबणंही.

पापुद्रा मात्र टाकवेना. याच रंगाच्या गाडीतून बाबा मला शाळेत सोडायचे. पाकिटात ठेवलाय.

जुनी गाडी झाकताना तुमचाही हात असा अडखळला होता का?