शून्य रुग्णांचा ठराव

जुलै 2021 मध्ये शालेय शिक्षण विभागाने कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग 15 तारखेपासून भरवण्यास परवानगी दिली, तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यातील एका गावात माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. गावात किमान महिनाभर एकही कोविड रुग्ण आढळलेला नसावा, ही त्यातली मुख्य अट. गाव कोरोनामुक्त आहे की नाही, हे सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहायचे होते आणि त्यावर ग्रामपंचायतीने ठराव करायचा होता. तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि मी असे सारे त्या समितीत होतो.

आमची बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात भरली. ठराव आधीच टंकलिखित होऊन आला होता आणि फक्त सह्या बाकी होत्या. गावाला शाळा हवी होती, आणि ती हवी असण्यात गैर काहीच नव्हते. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 रोजी सुरू होऊन दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडले होते. घरात एकच मोबाइल, तोही वडिलांच्या खिशात रानात गेलेला, अशा मुलांचे ऑनलाइन शिक्षण हजेरीच्या तक्त्यापुरतेच उरले होते. काही मुले कांद्याच्या काढणीला जाऊन रोजगार आणत होती आणि दोन-तीन मुलींच्या घरी स्थळे येत असल्याचे आमच्या शिक्षिकांच्या कानावर आले होते. दहावीची परीक्षा तर रद्दच झाली होती. अंतर्गत गुणांवर राज्याचा निकाल पुढे 16 जुलैला 99.95 टक्के लागला, त्याचे काय करायचे हे मला आजही उमगलेले नाही.

सह्या सुरू होणार तेवढ्यात, आकडेवारी सांगण्यासाठी बोलावलेल्या आशाताई म्हणाल्या, "वरच्या वस्तीवर एका घरात तिघांना ताप आहे. तपासणीला या म्हटलं, तर नको म्हणतात."

सरपंचांनी तो हवाबदलाचा ताप ठरवला. एका सदस्याने डेंग्यूचे नाव काढले. तेही अशक्य नव्हते, कारण पावसाळा सुरू झाला होता. मग एक पालक मागच्या बाकावरून उठून बोलले आणि खरे कारण त्यांच्या तोंडून आले. "ताई, तुम्ही त्यांना नेलं आणि एक जरी निघाला, तर महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. त्या घरातल्यांना गाव काय म्हणेल?"

अटीतील अडचण मला त्या क्षणी पुरती कळली. कागदावर ती अट कडक होती. पण रुग्ण 'आढळणे' हे तपासणीवर अवलंबून असते आणि तपासणीला न जाणे प्रत्येकाच्या हातात असते. जो प्रामाणिकपणे नाक पुढे करील, त्याच्यामुळे गावातील सगळ्या मुलांची शाळा बंद राहणार, आणि जो घरात गोळ्या घेऊन पडून राहील, त्याच्यामुळे गाव कोरोनामुक्त ठरणार, असा तो हिशेब होता. आदल्या वर्षी 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आमचेच शिक्षक ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरले होते, तेव्हा लोक आजार लपवत ते विलगीकरणाच्या भीतीने. आता त्यात गावाच्या हिताची भर पडली होती.

मी सही करणार नाही, असे सांगितले. तिघांची तपासणी आधी व्हावी, बैठक दुपारनंतर पुन्हा घ्यावी, एवढेच माझे म्हणणे होते. सरपंच रागावले. "सर, आठवडी बाजार भरतोय, लग्नं होतायत, तिथं कुणी ठराव मागतंय का?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि तो प्रश्न चुकीचाही नव्हता. परंतु बाजाराला कोणी मुले सक्तीने पाठवत नाही, आणि एका वर्गात पंधरा-वीस मुले, एका बाकावर एक मूल, दोन बाकांत सहा फूट अंतर हे सारे पाळूनही ती घरी परतणार होती आजी-आजोबांकडेच. लशींचा पुरवठा तुटपुंजा होता, कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर होते आणि गावातील कित्येक वृद्धांची दुसरी मात्रा बाकी होती.

वैद्यकीय अधिकारी तरुण होते, पण ठाम राहिले. ते स्वतः किट घेऊन वस्तीवर गेले. अँटिजेन तपासणीत तिघांपैकी दोघे बाधित निघाले. ठराव त्या दिवशी झाला नाही.

संध्याकाळी काही पालक शाळेत आले. त्यांनी संमतीपत्रे भरून आणली होती. दुसऱ्या एका शाळेकडून आलेल्या नमुन्यावरून आमच्या लिपिकाने ती छापली होती, आणि 'पाल्यास संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही' अशी एक ओळ त्यात होती. त्यांच्यातल्या एका वडिलांनी ती मोठ्याने वाचून विचारले, "मग जबाबदार कोण, आम्हीच ना?" शासनाने निर्णय गावावर सोपवला होता, गावाने समितीवर, आणि आम्ही तो एका ओळीत त्यांच्या दारात नेऊन ठेवत होतो. मी त्यांच्यासमोरच ती ओळ खोडली आणि उरलेल्या प्रतींतूनही काढायला लावली. संमती म्हणजे मूल पाठवायला तयार असणे, एवढाच तिचा अर्थ मला मान्य होता.

बाधितांच्या घरातील सर्वजण बरे झाले, मात्र त्यांनी पुढे बरेच दिवस आशाताईंना दारात उभे केले नाही. मग तपासणीसाठी ठरावीक घरी जाण्याऐवजी रेशन दुकानासमोर आणि बाजाराच्या दिवशी वेशीजवळ येईल त्याची चाचणी करण्याचे ठरले, म्हणजे कोणा एका घरावर बोट राहू नये. हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना सुचले. ऑगस्टमध्ये पुन्हा बैठक झाली, तेव्हा मी ठरावात एक ओळ वाढवायला सांगितली: गेल्या महिनाभरात गावात किती जणांची तपासणी झाली. तलाठी म्हणाले, शासन निर्णयात असा रकाना नाही. नव्हताच. ग्रामसेवकांनी तो हाताने आखला, आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतून आकडा भरला आणि मगच आम्ही सह्या केल्या.