क्राउन हाइट्सचा फेरफटका आणि हद्दपारीचा हिशेब

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरहून 3 नंबरची सबवे धरायची आणि ब्रुकलिनमधल्या क्राउन हाइट्स वस्तीत किंग्स्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरायचं. 2 नंबरची गाडीही त्याच बाजूने येते, पण फ्रँकलिन अ‍ॅव्हेन्यूनंतर ती दक्षिणेला वळते. चुकून तिच्यात बसलात तर फ्रँकलिनला बदला. वर रस्त्यावर आलं की जवळच लाल विटांची, तीन त्रिकोणी शिखरांची इमारत दिसते. पत्ता 770, ईस्टर्न पार्कवे. हबाद या हसिदी, म्हणजे ज्यू धर्मातल्या भक्तिमार्गी पंथाचं हे मुख्य ठाणं आणि प्रार्थनागृह. 1940 मध्ये नाझींच्या तावडीतून सुटून आलेल्या सहाव्या रेब्बींसाठी, म्हणजे पंथप्रमुखांसाठी, ही वास्तू घेतली गेली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत इथली दुकानं बंद असतात, आणि त्या काळात आत फोन, कॅमेरा, पेन काहीच काढायचं नाही. बायकांची जागा वर, काळसर काचांमागे.

इथे येताना एक गोष्ट डोक्यात पक्की असलेली बरी, नाहीतर नुसत्या काळ्या टोप्या बघून परत जाल. ज्यूंची आपल्या भूमीतून झालेली हद्दपारी ही पापाची शिक्षा, हे प्रार्थनेच्या पुस्तकातही आहे आणि हबादवाले ते नाकारत नाहीत. पण शिक्षाच द्यायची तर घरी बसवूनही देता आली असती, जगभर पांगवायचं कारण काय? तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात रब्बी (धर्मगुरू) एलाझार म्हणतात, माणूस एक सेआ धान्य पेरतो ते कितीतरी कोर पीक यावं म्हणून. सेआ आणि कोर ही धान्याची जुनी मापं. एका कोरात तीस सेआ. म्हणजे पांगणं ही पेरणी.

त्यामागची यंत्रणा सांगितली उत्तर इस्रायलमधल्या सफेद या गावच्या इसहाक लुरियांनी. ते 1570 मध्ये तिथे आले आणि 1572 मध्ये वारले; एवढ्या थोड्या काळात त्यांनी पुढच्या सगळ्या ज्यू गूढविद्येची घडी बसवली. सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाश पेलणारी भांडी फुटली आणि 288 मूळ ठिणग्या जड वस्तूंमध्ये, टरफलांआड अडकल्या. त्या सोडवायच्या तर जिथे पडल्या तिथेच जावं लागतं. ज्यू मिसरमधून (इजिप्तमधून) निघताना त्यातल्या 202 वर आल्या, असा हिशेब मांडला जातो. उरल्या 86, त्या बाकीच्या जगात. तोराने, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाने, मिसरमध्ये पुन्हा राहायला जाऊ नका म्हटलं आहे, त्याचंही उत्तर यातच मिळतं: तिथलं काम संपलं.

किंग्स्टन अ‍ॅव्हेन्यूवर हे तत्त्व ताटात दिसतं. हबादचे संस्थापक श्नेउर झाल्मान यांचा ‘तान्या’ हा ग्रंथ 1796 मध्ये छापला गेला. त्याच्या सातव्या प्रकरणात उदाहरण गोमांसाचं आणि मसालेदार दारूचं आहे. तोराच्या अभ्यासाला डोकं तरतरीत राहावं किंवा शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीचा, आनंद व्हावा म्हणून खाल्लं, तर त्यातली ठिणगी होमासारखी वर जाते. तेच कोशर (धर्मनियमांत बसणारं) मांस नुसत्या जिभेसाठी हादडलं तर ती खाली घसरते आणि खाणारा पश्चात्ताप करेपर्यंत खालीच राहते. डुकराच्या मांसाची गोष्ट वेगळी. ते कितीही सात्त्विक हेतूने खा, ठिणगी सुटत नाही. तिथे नकार देणं हेच काम.

हा भेद पुसला की काय होतं, याचा धसका ज्यूंनी घेतलेला आहे. 1665 मध्ये सब्बाताई झेवी मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणहार, म्हणून पुढे आला, पुढच्याच वर्षी तुर्की सुलतानासमोर त्याने इस्लाम स्वीकारला. खालच्या टरफलांतल्या ठिणग्या सोडवायलाच तो तिथे उतरला, असं समर्थन अनुयायांनी केलं. ‘तान्या’तली निषिद्ध आणि अनुमत यांची काटेकोर सीमा वाचताना मला ही पार्श्वभूमी आठवल्याशिवाय राहत नाही.

फुटपाथवर एखादा मुलगा “ज्यू आहात का?” विचारील. नाही म्हटलं की विषय संपला. हो म्हणणाऱ्या पुरुषाची बाही वर जाते आणि तेफिलिन बांधलं जातं. 1967 पासूनची ही मोहीम. काळी चामड्याची पेटी डाव्या दंडावर, हृदयाकडे कललेली. पट्ट्याचे सात वेढे कोपराखाली. दुसरी पेटी कपाळावर, केसांच्या रेषेच्या वर. दंडाच्या पेटीत तोराचे चार उतारे एकाच चर्मपत्रावर, डोक्याच्या पेटीत चार कप्प्यांत चार वेगळी. एका अक्षराला तडा गेला तरी सगळं बाद. कालपर्यंत गोठ्यातल्या जनावराचं कातडं होतं ते आज्ञेचं साधन झालं. ईश्वराला राहायला जागा हवी ती स्वर्गात नव्हे, या सगळ्यात खालच्या जगात, हे ‘तान्या’च्या 36व्या प्रकरणाचं म्हणणं, पुढच्या प्रकरणात ते हद्दपारीच्या काळातल्या कृतींवर सोपवलं आहे.

म्हणूनच सातव्या रेब्बींनी, मेनाखेम मेंडेल श्नीरसन यांनी, तरुण जोडपी कायमची दूरदूरच्या गावी पाठवली. कुलाब्याचं नरिमन हाउस त्यातलंच. 2008 च्या हल्ल्यात तिथलं रब्बी दांपत्य मारलं गेलं, आणि 2014 मध्ये केंद्र त्याच इमारतीत परत आलं. ठिणगी तिथे आहे म्हटल्यावर जागा सोडायची नसते.

रेब्बी 1994 मध्ये वारले. त्यांची समाधी, ओहेल, क्वीन्समध्ये केंब्रिया हाइट्सला, जेएफके विमानतळापासून जवळ. रात्रंदिवस उघडी आणि कोणालाही खुली. चामड्याचे जोडे बाहेर काढायचे, दारावर टकटक करायची. चिठ्ठीत आपलं नाव आईच्या नावासकट लिहायचं, आत वाचायची, फाडून टाकायची. 770 मध्ये मात्र पिवळे झेंडे दिसतील, त्यावर निळा मुकुट: रेब्बीच मसीहा मानणाऱ्यांचे. या विषयावर हबादमध्येच दोन तट आहेत, तिथे वाद उकरू नका.

वेळ असेल तर बी 44 बसने ब्रुकलिनमधलंच विल्यम्सबर्ग गाठा. तिथले सात्मार हेही हसिदीच, पण त्यांचा भर वेगळा. तालमूदमधल्या तीन शपथांच्या आधारे त्यांचे रेब्बी योएल टायटेलबाउम यांनी बजावलं की मसीहा येईपर्यंत ज्यूंनी स्वतःच्या जोरावर हद्दपारी संपवायची नाही. इस्रायलचं राज्य म्हणूनच त्यांना अमान्य. रस्त्यात तेफिलिनसाठी तुम्हाला इथे कोणी अडवणार नाही.